टॉर्चच्या यादीत पुस्तकही हवे

संपादक महोदय,

७ मे २०२५ रोजी देशभर हवाई हल्ल्यापासून बचावाचे मॉक ड्रिल झाले, तेव्हा टॉर्च, पाणी, कोरडा खाऊ, प्रथमोपचार पेटी अशा याद्या घरोघरी फिरल्या. आमच्या पाहण्यातल्या एकाही यादीत पुस्तक नव्हते. चैनीची वस्तू म्हणून ते वगळले असेल, तर लंडनचा अनुभव वेगळा आहे.

दुसऱ्या महायुद्धात, ७ सप्टेंबर १९४० रोजी तिथे जर्मन बाँबहल्ल्यांचे सत्र सुरू झाले. त्याच रात्री बेथनल ग्रीन वस्तीतल्या वाचनालयावर बाँब पडला. मग तिथल्या अर्धवट बांधलेल्या भुयारी स्थानकातच, रुळांच्या जागेवर फळ्या टाकून, सुमारे ४,००० पुस्तकांचे वाचनालय थाटले गेले. भोवती आसऱ्याला आलेल्या हजारो माणसांच्या निजायच्या तीनमजली खाटा. मुलांना तिथे गोष्टी वाचून दाखवल्या जात.

वाचून दाखवणे, हेच महत्त्वाचे. तळघरात नुसती पुस्तके वाटून भागत नाही. उजेड एकाच दिव्याचा, आजोबांचा चष्मा घरी राहिलेला, आणि धास्तावलेल्या माणसाची नजर तीच ओळ चारदा वाचते. ऐकायला यातले काहीच आड येत नाही. एक टॉर्च, एक वाचक, भोवती दहा-बारा जण. टॉर्च वाचकाच्या खांद्यामागून पानावर धरावा, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर येत नाही. गोष्ट पंधरा-वीस मिनिटांत संपणारी हवी. कादंबरी घेतली तर दुसऱ्या रात्री निम्मे श्रोते नवे असतात. बाहेर धमाका झाला तर आवाज चढवू नये. थांबावे आणि तेच वाक्य पुन्हा घ्यावे. दर गोष्टीला वाचक बदलावा. जो जास्त घाबरलाय त्याच्या हाती पुस्तक आधी द्यावे.

मोबाइलवर वाचता येते, हे खरे. पण त्याची बॅटरी निरोपांसाठी राखायची असते, आणि तो उघडला की गोष्टीआधी अफवा उघडतात.

पुस्तकाची बांधणीही पाहावी. अमेरिकेने १९४३ ते १९४७ या काळात सैनिकांसाठी खिशात मावणारी पुस्तके काढली, सुमारे १२ कोटी प्रती. आडवे पान, दोन स्तंभ, आखूड ओळी. दमट हवेत डिंक सुटतो, कीडही लागते, म्हणून बांधणी पिनांची. पावसाळ्यात फुगलेली पुस्तके पाहिलेल्या कोकणवासीयांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पिन मारलेला जुना दिवाळी अंक या कामाला उत्तम: हलका, सुट्या कथांचा, घरात पडून असलेला. टाइप मोठा असलेला निवडून प्लॅस्टिकच्या पिशवीत टॉर्चशेजारी ठेवावा.

– सार्वजनिक ग्रंथालयातील कर्मचारी, रत्नागिरी