डेटा उडाला नव्हता, मालकी बदलायची राहिली होती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी प्रतापनगरला राहते आणि गेली बारा वर्षं घरूनच उन्हाळी वाळवणाचा व्यवसाय करते. कुरडया, सरगुंडे, मूगवड्या, ज्वारीचे पापड. गहू आणि डाळी इतवारीतून येतात, चार बाया हाताखाली असतात आणि होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. या सगळ्याचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर आहे. गेल्या महिन्यात तो अख्खा पुसला जायचा बाकी राहिला होता. असा प्रसंग आणखी कितीतरी घरांत येत असणार, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

विंडोज १० ला मिळणारी मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मुलगा म्हणाला, ‘आई, आता बदलून घे, त्यावर तू बँकेचे व्यवहार करतेस.’ त्याचं बरोबर होतं. संक्रांत झाल्यावर मी सीपीयू बर्डीवरच्या एका दुकानात दिला. त्यांनी नवीन एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क बसवली, तिच्यावर विंडोज ११ टाकलं आणि जुनी हार्ड डिस्क आत तशीच ठेवून ती ‘डी’ ड्राइव्ह म्हणून जोडून दिली. काम नीट झालं, मशीन पटकन सुरू होऊ लागलं.

घरी आल्यावर जुन्या डेस्कटॉपवरचं ‘वाळवण’ नावाचं फोल्डर शोधायला बसले. डी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात माझ्या नावाचं फोल्डर. त्यावर क्लिक केलं तर या फोल्डरची तुम्हाला सध्या परवानगी नाही, हवी असेल तर ‘कंटिन्यू’ दाबा, असा निरोप आला. दाबलं. हिरवी पट्टी थोडी सरकली आणि दुसरा निरोप आला की परवानगी नाकारली आहे, सिक्युरिटी टॅबमध्ये जा. पुष्कळांच्या घरी पहिल्या ‘कंटिन्यू’लाच काम होतं, माझ्याकडे झालं नाही.

सीपीयू पुन्हा दुकानात नेला. तिथल्या मुलाने फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. साइझ शून्य बाइट, फाइल्स शून्य. ‘काकू, डेटा उडाला. काही नाही राहिलं यात.’ पुढे त्याने दोन वाटा सांगितल्या. सहा हजार रुपयांत रिकव्हरी, तीही मिळेल याची खात्री नाही. नाहीतर डी फॉरमॅट करून देतो, निदान जागा तरी मोकळी होईल.

त्या फोल्डरमध्ये २०१४ पासूनच्या ऑर्डरी आहेत. कोणाला कुरडई बारीक सोऱ्याची लागते, कोणाच्या घरी हिंग चालत नाही, सगळं लिहिलेलं. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असलेला कागद, लेबलं, गिऱ्हाइकांचे पत्ते. आणि एक तक्ता आहे, जो माझ्यासाठी या सगळ्याहून मोलाचा आहे. दर वर्षी गहू कोणत्या तारखेला भिजत घातला, रोज पाणी बदललं का, तिसऱ्या दिवशी चीक कसा निघाला, त्या दिवशी ऊन किती होतं. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे गहू जरा जास्त भिजला तर चीक आंबतो आणि कुरडईला वास येतो. सासूबाईंना हे बोटांनी कळायचं. मी बारा वर्षं लिहून लिहून शिकले आहे.

मी त्या मुलाला विचारलं, डब्बा रिकामा असेल तर हलका नको का लागायला? ‘धिस पीसी’ उघडल्यावर डी ड्राइव्हखाली एक निळी पट्टी दिसते. ४६५ जीबीपैकी १८८ जीबी भरलेली होती. माझे कागद गेले असतील तर ही जागा कोणी व्यापली आहे? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी फॉरमॅटला नाही म्हटलं आणि सीपीयू उचलून घरी आणला. शून्य बाइटचा अर्थ आज मला माहीत आहे. ज्या फोल्डरच्या आत डोकवायची परवानगीच नाही, त्यातल्या फाइल्स विंडोज मोजू शकत नाही, म्हणून शून्य दाखवतं.

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी पॉलिटेक्निकला डिप्लोमा करते. ती संध्याकाळी आली. ‘तुम्ही कशाला घाबरून राहिल्या काकू, सगळं इथंच आहे. तुमचं नाव नाही ना त्याच्यावर.’ तिने फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी आणि त्यात ॲडव्हान्स्ड उघडलं. ओनरच्या, म्हणजे मालकाच्या जागी माझं नाव नव्हतं. ‘अकाउंट अननोन’ आणि त्यापुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा हातभर लांब आकडा. तो आकडा म्हणजे मीच, जुन्या विंडोजमधली. कॉम्प्युटर माणसाला नावाने ओळखत नाही, अशा आकड्याने ओळखतो. विंडोज नव्याने टाकलं की तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तरी आकडा नवा पडतो. जुन्या डिस्कवरच्या फोल्डरवर मात्र जुनाच आकडा लिहिलेला राहतो.

हे ऐकल्यावर मला आमच्या घराची आखीव पत्रिका आठवली. सासरे गेल्यावर आम्ही सात वर्षं याच घरात राहत होतो, कर भरत होतो, पण पत्रिकेवर नाव त्यांचंच. फेरफार होईपर्यंत बँक दारात उभं करेना. इथेही तसाच फेरफार करायचा होता. आणि सातबाऱ्यावर जशी सातमध्ये मालकी वेगळी आणि बारामध्ये पीकपाणी वेगळं, तशाच इथे दोन गोष्टी आहेत. आधी मालकी आपल्या नावावर करायची, मग स्वतःला वापराची परवानगी लिहून द्यायची. नुसतं पहिलं करून माणूस थांबतो आणि तरीही फोल्डर उघडत नाही म्हणून हात टेकतो.

तिने ओनरसमोरचं ‘चेंज’ दाबून माझं आत्ताचं यूजर नेम टाकलं आणि ‘चेक नेम्स’ दाबलं. नाव बरोबर असेल तर त्याखाली रेघ येते. माझ्या नावाखाली ती आली नाही, कारण मी ईमेलने लॉगिन करते आणि विंडोजने त्या ईमेलची पहिली पाच अक्षरंच घेऊन नाव बनवलं होतं. ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाच्या काळ्या खिडकीत ‘हू ॲम आय’ ही तीन शब्दांची आज्ञा जोडून टाइप केली की आपलं खरं नाव कळतं. मग आतल्या सगळ्या फोल्डरांचा मालकही बदला, अशा अर्थाच्या चौकटीत टिक केली. ओके करून खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, ‘ॲड’मधून माझं नाव घालून ‘फुल कंट्रोल’ दिलं आणि आतल्या सगळ्यांना हेच लागू करा, यावर टिक केली. हे सगळं ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच होतं.

त्यानंतर पंचवीस मिनिटं स्क्रीनवर एकेक नाव सरकत होतं. ‘सरगुंडे ऑर्डर २०१७’. ‘लेबल मूगवडी नवीन’. ‘चीक तक्ता’. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होते.

त्या मुलीने आणखी काही सांगितलं, तेही इथे द्यायलाच हवं. हा फेरफार फक्त आपल्या कागदांच्या फोल्डरचा करायचा, सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’ फोल्डरला कधीही हात लावायचा नाही. त्याची मालकी मुद्दाम यंत्रणेकडे ठेवलेली असते आणि ती आपल्या नावावर घेतली तर कॉम्प्युटर सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सी ड्राइव्हवर लपवलेली फोल्डरं दिसायला लागली की ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ असं एक दिसतं. ते उघडत नाही, ते तसंच असतं, त्यात दुरुस्त करायला काही नाही. काही जण घाईने ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळे होतात. घरात नातवंडं त्याच मशीनवर खेळत असतील तर त्यांच्या खात्यातूनही सगळं पुसता येईल, एवढं लक्षात घ्यावं. फोल्डरवरची ‘रीड ओन्ली’ची टिक काढत बसण्यातही अर्थ नाही, फोल्डरच्या बाबतीत तिने काही अडत नाही.

एका प्रकारात मात्र हा उपाय चालत नाही. फाइल्स एनक्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या असतील तर मालकी घेऊनही त्या वाचता येत नाहीत, त्यांची किल्ली वेगळी असते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं असंच अख्ख्या डिस्कचं कुलूप असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. मशीन दुकानात देण्याच्या आधी ती वहीत लिहून ठेवावी.

फोल्डर उघडल्यावर आम्ही सगळं नव्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये कॉपी केलं. कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते, म्हणून ती पुढे अडत नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर घातली आणि तो कपाटात पोथीशेजारी ठेवला.

मला त्या दुकानातल्या मुलावर राग धरायचा नाही. दिवसभरात दहा मशीन हाताखालून जातात, त्याला कोणी हे शिकवलं नसेल. पण फॉरमॅट हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला, ते मला अजून टोचतं. माझी शहरातल्या सगळ्या दुरुस्ती करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की नवीन विंडोज टाकून मशीन परत देताना गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याचं जुनं फोल्डर उघडून दाखवा, आणि तसं बिलावर लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि फोल्डर उघडत नसेल तेव्हा आधी ओनर बघा, रिकव्हरीचा आकडा नंतर सांगा.

आपल्या रविवार पुरवणीत पाककृतींना अख्खं पान असतं, ते मी आवडीने वाचते. त्याच पुरवणीत महिन्यातून एकदा पाव पान घरच्या कॉम्प्युटरला द्यावं, पडद्याच्या चित्रांसकट आणि मराठीत. पहिल्याच वेळी ही मालकीची दुरुस्ती छापावी. चित्रं काढायला बसायची तयारी त्या मुलीने दाखवली आहे, तिची परीक्षा संपली की मी तिला घेऊन कार्यालयात येईन.

आपली नम्र,
एक वाचक, गृहउद्योग चालवणारी
प्रतापनगर, नागपूर