क्वांटम डॉट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात प्रकाशावर चालणाऱ्या चिपविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘क्वांटम डॉट’ आणि ‘क्वांटम कॉम्प्युटर’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले आहेत. पहिला आहे एक सूक्ष्म कण, तर दुसरे क्वांटम नियमांच्या आधारे गणना करणारे यंत्र. नावातील साम्यामुळे असा घोळ होणे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे लेखाचा खरा विषय, म्हणजे पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) तरंगमार्गात (प्रकाश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाटेत) क्वांटम डॉट मिसळून चिपवरच प्रकाश निर्माण करणे, बाजूलाच राहिला.

क्वांटम डॉट हा अर्धवाहकाचा काही नॅनोमीटर आकाराचा स्फटिककण असतो आणि त्याच्या प्रकाशाचा रंग आकारानुसार बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचे लहान कण निळसर-हिरवे दिसतात, तर त्याच पदार्थाचा सुमारे सहा नॅनोमीटरचा कण लाल प्रकाश देतो. एकसारख्या आकाराचे कण द्रावणात वाढवण्याची रीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये दिली. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना लुई ब्रूस व अलेक्सी येकिमोव्ह यांच्यासह मिळाले. क्यूएलईडी टीव्हीतही असेच कण असतात, पण त्या टीव्हीला कोणी क्वांटम कॉम्प्युटर म्हणत नाही. (काही वेगळ्या घडणीच्या क्वांटम डॉटमध्ये अतिशीत तापमानाला क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधील माहितीची एकके, साठवले जातात, पण तो विषय निराळा.)

चिपला हे कण हवे असतात, कारण सिलिकॉन प्रकाश वाहून नेण्यात तरबेज असले तरी ऊर्जापट्ट्यांच्या रचनेमुळे स्वतः प्रकाश देण्यात अगदी कच्चे आहे. म्हणून लेसर दुसऱ्या अर्धवाहकाचा करून तो सिलिकॉनवर अचूक जुळवावा लागतो, आणि खर्च वाढतो तो तिथे. याउलट ॲक्रिलिकसारखे पॉलिमर द्रावणात विरघळवून, त्यात कण मिसळून, फिरत्या चकतीवर त्याचा पातळ थर देता येतो.

हे तत्त्व पाहायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. मुलांच्या कंपासपेटीतील चमकदार नारिंगी ॲक्रिलिकची फूटपट्टी उन्हात धरली, की तिचा पृष्ठभाग साधाच दिसतो आणि कडा मात्र पेटल्यासारख्या उजळतात. आतल्या रंगद्रव्याने टाकलेला बराचसा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे पट्टीतच अडकतो आणि कडेला बाहेर पडतो. एका माजी विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत मी क्वांटम डॉटचा थर दिलेली काचपट्टी अतिनील टॉर्चखाली पाहिली, तेव्हा तिची कडाही अशीच लाल चमकत होती. शेजारची दुसरी पट्टी मात्र दुधाळ झाली होती, कारण थर वाळताना तिच्यातले कण एकमेकांना चिकटून गोळा झाले होते.

लेखात न आलेली खरी अडचण या दुधाळ पट्टीत आहे. कणांचे पुंजके प्रकाश विखुरतात. शिवाय सुटे राहिलेले कणसुद्धा शेजाऱ्याने दिलेला प्रकाश काही प्रमाणात गिळतात, त्यामुळे जास्त प्रकाशासाठी जास्त कण घातले की तोटाही वाढतो. दर सेंटीमीटरला एक डेसिबल (सुमारे एकपंचमांश) हानी असलेल्या तरंगमार्गात दहा सेंटीमीटरनंतर दहावा भाग प्रकाश उरतो. चांगल्या काचतंतूत (ऑप्टिकल फायबरमध्ये) हीच घट सुमारे पन्नास किलोमीटरनंतर होते. चिपवरचे अंतर मिलिमीटरांत असल्याने हे चालून जाते, पण ‘काचतंतूला पर्याय’ हे लेखाचे उपशीर्षक त्यामुळेच टिकत नाही. त्यात साधे ॲक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या जरा वर मऊ पडते आणि चिप जोडण्यासाठी सोल्डरचा डाग देताना तापमान २०० च्या पुढे जाते, म्हणजे पॉलिमर निवडतानाच निम्मी लढाई असते.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. लेखासोबतच्या आकृतीत तरंगमार्गाच्या गाभ्याचा (प्रकाश जातो त्या मधल्या भागाचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो हे सांगणारा आकडा, १.४५ आणि भोवतालच्या आवरणाचा १.५८ असा छापला आहे. हे आकडे उलटे हवेत. प्रकाश आत कोंडून राहण्यासाठी गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा जास्तच लागतो. छापलेल्या आकृतीबरहुकूम तरंगमार्ग बनवला, तर प्रकाश थोड्याच अंतरात आवरणात पाझरून जाईल. शाळांच्या सूचनाफलकांवर ही पुरवणी लावली जाते, म्हणून पुढील अंकात ही दुरुस्ती आकृतीसह छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, सातारा