कढई गार पडू देऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, चायनीज चिकन घरी केलं की चिवट होतं आणि भाज्यांना पाणी सुटतं, असं तू म्हणालीस. दोन्हींचं मूळ बहुतेक एकच आहे. सगळं एकदम टाकलं की कढईचा ताप उतरतो, सुटलेलं पाणी आटत नाही आणि चिकन परतलं न जाता त्या पाण्यातच शिजत बसतं. म्हणून दोघांपुरतं ३०० ग्रॅम बोनलेस घ्या आणि तेही दोन घाण्यांत परता.

कापणं बाबांकडे द्या. चिकन अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं की घट्ट होतं आणि पातळ काप नीट पडतात. मांसाचे धागे कुठल्या दिशेने गेलेत ते आधी बघायचं आणि त्यांना आडवी सुरी चालवायची. काप ३-४ मिलिमीटर जाड हवेत. धागे आखूड झाले की चावायला जोर लागत नाही, बाबांच्या दातांसाठी हे फार महत्त्वाचं. छातीचं मांस पटकन कोरडं पडतं, मांडीचं थोडं जास्त परतलं गेलं तरी मऊ राहतं. मिळालं तर मांडीचंच घ्या.

कापांना २ चहाचे चमचे सोया सॉस आणि २ टेबलस्पून पाणी लावून ते पूर्ण जिरेपर्यंत हाताने चोळा. मग अर्ध्या अंड्याचा पांढरा बलक, २ चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर आणि शेवटी चमचाभर तेल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. या लेपामुळे आतला रस फारसा बाहेर पडत नाही. काहीजण मऊपणासाठी खाण्याचा सोडा लावतात, पण त्यातही सोडियम असतं, तुमच्या रक्तदाबाला ते नकोच. सोया सॉस मुळात खारट, त्यामुळे वरून मीठ अजिबात घालू नका. कमी सोडियमचा सॉस मिळाला तर उत्तम.

गॅस पेटवण्याआधी सगळं हाताशी हवं, नंतर चिरायला वेळच मिळत नाही. गाजर, सिमला मिरची आणि कांदा एकाच जाडीचे चिरा. भाज्या धुतल्यावर फडक्याने अगदी कोरड्या पुसा. एका वाटीत १ टेबलस्पून सोया सॉस, अर्धा चमचा साखर, १ चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, मिरपूड आणि पाव कप पाणी कालवून ठेवा.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर पाण्याचा थेंब टाकताच उडून जाईल इतकी तापवा. नॉनस्टिक मात्र रिकामं तापवू नका, त्याचा थर खराब होतो. टेबलस्पूनभर तेल घालून अर्धं चिकन पसरा आणि अर्धा मिनिट हलवू नका. खालून रंग आला की ते आपोआप सुटतं, ओढलं तर लेप कढईलाच चिकटून राहतो. मग उलटून मिनिटभर परता आणि स्वच्छ ताटलीत काढा, कच्चं ठेवलं होतं तिच्यात नाही. आत थोडा गुलाबीपणा राहिला तरी चालेल, ते पुन्हा कढईत जाणारच आहे.

दुसरा घाणा काढल्यावर थोड्या तेलात गाजर दोन मिनिटं, मग कांदा आणि सिमला मिरची मिनिटभर. आलं-लसूण त्यानंतर घाला, आधी घातलं तर जळून कडू होतं. वास सुटला की ताटलीतल्या रसासकट चिकन परत टाका. वाटीतलं कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असतं, ते ढवळूनच ओता, नाहीतर गुठळ्या होतात. सॉसला उकळी येऊन दुधट रंग जाईल आणि तकाकी येईल, तेव्हा सगळ्यात जाड काप मोडून बघा. आत गुलाबी दिसायला नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस हवं. गॅस बंद करून चमचाभर व्हिनेगर आणि पातीचा कांदा घाला.

आई, कढईपाशी तू उभी राहा आणि बाबांनी एकेक वाटी तुझ्या हातात द्यावी. गरम तेलापाशी एकट्याने धावपळ करायची नाही, एवढं माझं ऐका. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करूनच खा.

तुमची,
लेक