ओ पेअर म्हणून जाणाऱ्या मुली आणि बेलगाम एजंट : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी भाची मागच्या वर्षी ओ पेअर म्हणून जर्मनीला गेली. परक्या कुटुंबात घरच्यासारखे राहायचे, त्यांची मुले सांभाळायची आणि त्या बदल्यात राहणे-जेवण, हातखर्च व भाषा शिकायची सोय मिळवायची, अशी ही पद्धत आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे.

जर्मनीचे नियम कागदावर चांगले आहेत. आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी वेगळे 70 युरो, आणि विम्याचा खर्च यजमान कुटुंबाचा. भाचीने मात्र आपले तास वहीत टिपून ठेवले होते. सकाळी साडेसहाला मुलांचे डबे, रात्री आठनंतर भांडी, आणि मधल्या वेळेत जाण्याचा तो भाषेचा वर्ग गावापासून तासाभराच्या अंतरावर. एका आठवड्याची बेरीज 47 तास झाली होती. करार दोन पानांचा, संपूर्ण जर्मन भाषेत होता आणि तिची जर्मन जेमतेम ए-1 पातळीची, म्हणजे ‘माझे नाव अमुक, मला चहा आवडतो’ इतकीच.

मी इथल्या एजंटाकडे गेले. त्याने आमच्याकडून 85,000 रुपये घेतले होते आणि पावतीवर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढेच छापले होते. तो हसून म्हणाला, “ताई, ही नोकरी थोडीच आहे? हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे.” महोदय, माझे सारे म्हणणे या एका वाक्याशी निगडित आहे.

1983 च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. परंतु काम नोकरी नसून कार्यक्रम आहे असे म्हटले, की हा एजंट स्वतःला नोंदणीतूनही मोकळा समजतो आणि मर्यादेतूनही. उत्प्रवास परवानगीची, म्हणजे काही देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारकडून घ्यायच्या मंजुरीची, चाळणीही मध्ये येत नाही; ती लागू असलेल्या 18 देशांत जर्मनी नाही आणि दहावी उत्तीर्ण मुलीला त्या परवानगीची गरजही नसते. जर्मनीतल्या मध्यस्थाला ओ पेअरकडून 150 युरोंहून अधिक घेता येत नाही. ही रक्कम पंधरा हजारांच्या आसपास जाते. मात्र तिथेही 2002 पासून अशा मध्यस्थांना परवान्याची अट राहिलेली नाही. म्हणजे दोन्ही टोकांना दार उघडेच आहे. अमेरिकेत तास अधिक, 45 पर्यंत आहेत, हे खरे. पण तिथे जे-1 या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर जायचे तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच जावे लागते, त्यामुळे जाब विचारायला कोणीतरी असते.

म्हणून विनंती अशी, की भरतीच्या व्याख्येत मोबदल्यासह किंवा हातखर्चासह दिले जाणारे परदेशातील घरगुती बालसंगोपन नाव घेऊन समाविष्ट करावे. मग ‘कार्यक्रम’ म्हणून पळवाट उरणार नाही. नोंदणी आणि शुल्काची मर्यादा आपोआप लागू होईल. मुलीच्या हाती पडणारा करार तिला समजणाऱ्या भाषेतही असावा, एवढे एजंटावर बंधनकारक करणे फारसे अवघड नसावे.

जानेवारी 2023 मध्ये प्रवासी भारतीय दिवस इंदूरला झाला, तेव्हा इथल्या कित्येक कुटुंबांनी परदेशस्थ पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतले होते. परक्याला घरात ठेवून घेणे म्हणजे काय, हे या शहराला नव्याने सांगायला नको.

भाचीने पुढे कुटुंब बदलले आणि आता ती बऱ्यापैकी ठीक आहे. तिची ती वही आणि एजंटाची पावती माझ्याकडे आहे. आपल्या मंत्रालयातील कोणी मागितल्यास दोन्ही पाठवीन.

आपली,
एक इंदूरकर