दीवच्या खुकरी स्मारकापर्यंत सोबत करणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

९ डिसेंबरला दीव येथे १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेच्या स्मारकापाशी माझ्या वडिलांना स्वतःच्या हाताने फुले वाहता आली, ती आपल्यामुळे. आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण विषय बदलता, हे लॅम रोडवरच्या आमच्या सर्व शेजाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून आपली परवानगी न घेता, मात्र आपले नाव न लिहिता, हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

नाशिकमध्ये १९७१ च्या युद्धाची आठवण निघाली की बोलणे तोफखान्याकडे वळते. देवळालीला तोफखान्याचे विद्यालय, नाशिक रोडला तोफखाना केंद्र आणि ओझरला मिग विमानांसाठी उभारलेला कारखाना असल्यावर ते साहजिकही आहे. माझे वडील स्वतः तोफखान्यातले निवृत्त हवालदार. आमच्या घरात नौदलाचा उल्लेख होई तो ४ डिसेंबरला, नौदल दिनी, आणि तोही निपात, निर्घात व वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर केलेल्या हल्ल्यापुरता. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी आपल्या नौदलाने काय गमावले, हे वडिलांना त्रोटक माहीत होते आणि आम्हा मुलांना तर मुळीच नव्हते.

ते आपण सांगितलेत, आणि ज्या रीतीने सांगितलेत त्याबद्दल माझे पहिले आभार आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातून नौदलात गेलेला, त्या वर्षी पश्चिम ताफ्यातल्या एका जहाजाच्या इंजिनघरात काम करणारा आणि निवृत्तीनंतर सातपूरच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस ही हकिगत रंगवून सांगू शकला असता. आपण तसे केले नाही. पाकिस्तानच्या हँगोर या पाणबुडीच्या शोधात खुकरी आणि कृपाण या दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, निघाल्या होत्या. हँगोरने पाण्याखालून सोडलेला पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, कृपाणवर निष्फळ ठरला आणि दुसऱ्याने खुकरीचा घात केला. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ती काही मिनिटांतच बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. एवढे सांगून आपण थांबलात. मग वडिलांनी विचारले, की इतक्या जणांना बाहेर का पडता आले नाही? जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या माणसाला वर येण्यासाठी किती शिड्या आणि किती झडपा ओलांडाव्या लागतात, दिवे गेल्यावर त्या अंधारात हाताने कशा चाचपाव्या लागतात, हे आपण त्यांना समजावून दिलेत. इंजिनघरात आयुष्य काढलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाला ते इतके नेमके सांगता आले असते, असे मला वाटत नाही.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची कथा पुष्कळांना माहीत असते. आपले प्राणरक्षक जाकीट दुसऱ्याला देऊन ते जहाजाबरोबर गेले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्याविषयी बोलताना आपला आवाज कापला, तरीही आपण त्यांच्यापाशीच थांबला नाहीत. त्या संध्याकाळी उतरलेल्या जागेच्या ओसरीवर आपण वही काढलीत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील नोंदींवरून आपण स्वतः देवनागरीत उतरवून घेतलेली नावे तिच्यात होती. स्वयंपाकी, सिग्नलवाले, इंजिनघरातले, सगळ्यांची नावे आपण हुद्द्यासह, घाई न करता वाचलीत. वडील सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहिले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ते एरवी देवाच्या आरतीलाही बसून असतात.

स्मरणदिन कसा साजरा करावा याबद्दल माझी स्वतःची काही मते आहेत, ती येथे थोडक्यात सांगितल्याशिवाय राहवत नाही. माजी सैनिकांना पदके लावून उन्हात बसवायचे, प्रमुख पाहुणे तासभर उशिरा यायचे आणि सत्काराची शाल खांद्यावर पडेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला पाणी विचारायलाही कोणी नसायचे, असे कार्यक्रम मी पाहिले आहेत. दीवला आपण आधी खुर्चीची व्यवस्था केलीत, ती सावलीत ठेवायला लावलीत आणि औपचारिक कार्यक्रम आटोपून गर्दी ओसरल्यावर वडिलांना सावकाश वर नेलेत. समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत ठेवलेली खुकरीची प्रतिकृती त्यांनी हवा तितका वेळ पाहिली. फुले घेऊन आलेल्या तिथल्या काही कुटुंबांशी आपण मोडक्यातोडक्या गुजरातीत बोललात आणि देवळालीचा हा तोफची त्यांच्या गावाला मुद्दाम आला आहे, हे त्यांना सांगितलेत. त्यांतल्या एका आजींनी वडिलांना हात जोडून नमस्कार केला, तेव्हा त्यांना काय बोलावे ते सुचेना.

खुकरीचेच नाव घेऊन १९८९ साली नौदलात दाखल झालेली दुसरी युद्धनौका सेवानिवृत्तीनंतर दीवलाच आणून ठेवली आहे, ती पाहण्याची वडिलांची फार इच्छा होती. जहाजावर चढणे त्यांना झेपणार नव्हते. आपणही मग वर गेला नाहीत; त्यांच्याशेजारी खाली उभे राहून कोणता भाग कशासाठी असतो ते दाखवत राहिलात. नाशिकला परतल्यापासून वडील आल्यागेल्याला जहाजाची माहिती अशा थाटात देतात, की ऐकणाऱ्याला ते नौदलातच होते असे वाटावे. यातल्या काही चुका आपण येऊन दुरुस्त कराव्यात, कारण आमचे ते ऐकत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट उरली आहे. सापुताऱ्यामार्गे जाताना आणि येताना गाडीभाड्यातला आमचा वाटा आपण काही केल्या घेतला नाहीत. घरात विचार करून ती रक्कम आम्ही सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत आपल्या नावाने जमा केली आहे. पावती धाकट्या भावाबरोबर पाठवत आहे. ती परत पाठवू नये, ही विनंती. आपल्या वहीतील नावांची एक प्रत वडिलांना हवी आहे. आपली हरकत नसेल तर येत्या रविवारी मी येऊन ती उतरवून घेईन, वही घराबाहेर नेणार नाही.

आपली नम्र,
एका निवृत्त हवालदाराची कन्या
लॅम रोड, देवळाली कॅम्प, नाशिक