कोरडेपणाचे खापर फक्त मोबाइलवर नको

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला डोळ्यांच्या कोरडेपणावरचा लेख वाचला. मोबाइल, एसी आणि वय यांच्यावर खापर फोडून तो संपला. मी मडगावला दातांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे हा विषय मला तोंडाच्या बाजूने दिसतो. पन्नाशीची बाई खुर्चीत बसते. गोड फारसे खात नाही, ब्रश नीट करते, तरी दात हिरडीलगत किडलेले. तपासायचा आरसा गालाला आतून चिकटतो. विचारले की सांगते, उंडा पाव पाण्याच्या घोटाशिवाय गिळत नाही, माशाच्या हुमणाचे तिखट जिभेला झोंबते. जूनमध्ये आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेव्हाही हिचे तोंड कोरडेच. मग हवेला दोष कसा देणार?

सर्दीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकते, ते आधी विचारावे. तसे नसेल तर शोग्रेनचा आजार डोक्यात यायला हवा. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ च्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची नोंद केली; त्यातल्या १३ जणींचे सांधेही धरलेले होते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका.

खरा गोंधळ रक्ताच्या रिपोर्टपाशी होतो. ‘एएनए पॉझिटिव्ह’, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी, दिसले की घरचे हादरतात, पण ते निरोगी माणसांतही सापडते. उलट एएनए निगेटिव्ह आले की फाइल बंद! अँटी-रो, म्हणजेच एसएसए, ही अँटीबॉडी त्या चाचणीत कधी कधी निसटते. ती वेगळी तपासावी लागते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अँटी-रोला ३ गुण आहेत आणि शोग्रेन म्हणायला लागतात ४. उरलेला गुण डोळ्यातून किंवा तोंडातून यावा लागतो: पापणीत अडकवलेली शिर्मरची पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त न भिजणे, किंवा लाळ मिनिटाला ०.१ मिलिलिटरच्या वर न जाणे. अँटी-रो नसेलच, तर खालच्या ओठातल्या बारीक ग्रंथींची बायोप्सी करतात. तिलाही ३ गुण. म्हणजे रक्ताचा कागद हातात घेऊन एकट्या डॉक्टरने निकाल द्यावा असा हा हिशेबच नाही.

अँटी-रो असलेल्या आईला स्वतःला काही त्रास नसला तरी शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाची विद्युतवाहिनी गर्भातच बंद पडते आणि ठोके मंदावतात. हे दिवस राहण्याआधी कळलेले बरे. पोटॅशियम घसरून अचानक हातपाय लुळे पडणे, हेही याच आजारातून होऊ शकते. कानापुढची सूज गालगुंड समजून महिनोन्‌महिने सोडू नये, कारण या रुग्णांत लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका इतरांहून जास्त असतो.

बांबोळीला वैद्यकीय आणि दंत अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. डोळे, दात आणि सांधे एकाच चिठ्ठीवर, एकाच दिवशी तपासून मिळाले तर काणकोण-पेडण्याहून येणाऱ्या बाईच्या खेपा वाचतील. आरोग्य खात्याने याचा विचार करावा. तोवर डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘जेवताना सारखे पाणी लागते का’ आणि आम्ही दातवाल्यांनी ‘डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का’ एवढे तरी विचारावे. पुरवणीच्या पुढच्या अंकात ही दोन वाक्ये छापलीत तर आभारी राहीन.

एक दंतवैद्य, मडगाव