पेणच्या मूर्तिकार काका-काकूंना

काका, साष्टांग नमस्कार.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण परवा फोनवर मला धड बोलता आलं नाही, घसा दाटून आला होता.

माझ्या माळ्यावर चार वर्षं पंढरपूर स्टेशनचं छोटं मॉडेल उभं आहे, १९३५ च्या सुमाराचं. बार्शी लाइट रेल्वेचं. १८९७ साली बार्शीला सुरू झालेली ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी १९०६ मध्ये पंढरीला पोचली. १:४८ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात, तिच्या दोन रुळांमधलं अंतर जवळजवळ १६ मिलिमीटर भरतं. इंजिन झालं, डबे झाले, फलाट मात्र ओसाड. वारकऱ्यांशिवाय आषाढीचं पंढरपूर कसलं?

परदेशी पुतळे मिळतात, पण सगळे हॅट-कोटातले. एका दुकानदाराने ‘भारतीय प्रवासी’ म्हणून जे पाकीट दिलं, त्यात मडमांच्या स्कर्टवरच साडीचा रंग फासला होता, खाली उंच टाचांचे बूट तसेच. दुसऱ्याने आगाऊ पैसे घेऊन संगणकावर पुतळे छापून दिले, सगळ्या बायका पाचवारीत. तक्रार केली तर म्हणाला, “एवढं बारीक कोण बघतंय?” ते वाक्य मला वर्षभर टोचत होतं.

मग तुम्ही भेटलात. गणपतीचा हंगाम तोंडावर, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, तरी तुम्ही माझा फलाटाचा फोटो निरखून पाहिलात आणि म्हणालात, “गर्दी गाडीकडे तोंड करून उभी राहणार. म्हणजे बघणाऱ्याला पाठीच दिसणार.” चार वर्षांत हे मलाही सुचलं नव्हतं! आणि तुम्ही आतल्या खोलीत हाक मारलीत. काकू आजेसासूबाईंचं जुनं इरकली लुगडं नेसून आल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कासोटा कुठे खोचला जातो, चालताना कुठे ताणतो, बोचकं उचलायला वाकलं की पोटरी किती उघडी पडते, हे त्या एकेक करून दाखवत होत्या. गुडघे दुखत असताना दोनदा वाकल्या. तुम्ही हातातल्या तारेवर एम-सील चढवत होतात.

३२ मिलिमीटरची बाई, काका. तिच्या पाठीवर कासोट्याची चुणी आहे, डोक्यावर तुळस आहे, पाय अनवाणी आहेत. भिंगातून पाहिलं तर टाचेला भेगासुद्धा आहेत. त्या मी मागितल्या नव्हत्या. मागायचं मला कळलंही नसतं.

जिथे कुणी पाहणार नाही तिथेही काम चोख करणारी माणसं अजून आहेत, हे मी तुमच्या कारखान्यात पाहिलं. घरी आल्यावर मी स्टेशनमास्तरच्या खोलीची मागची भिंत उखडून पुन्हा बांधली. ती मी कोरीच सोडली होती.

गणपती झाले की दोघांनी एकदा या. काकूंना जिना चढवणार नाही, म्हणून फलाट खाली दिवाणखान्यात आणून ठेवतो. त्यांची खुर्ची बायका पाठमोऱ्या दिसतात त्या बाजूला मांडतो.

तुमचा,
माळ्यावरचा गाडीवाला